हेवी लायसन्स आलं, आता पहिली गाडी कोणाची धरावी?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "काका, वय २३, गाव श्रीगोंदा तालुक्यात. ड्रायव्हिंग स्कूलमधून हेवीचं शिकलो, गेल्या महिन्यात लायसन्स आलं. तीन ठिकाणी बोलणं झालंय. गावातल्याच मालकाचे दोन हायवा डम्पर आहेत, खडी-मुरुमाचं काम, २० हजार देतो म्हणतो आणि रोज घरी. दुसरा न्हावा शेव्याचा ट्रेलरवाला, ट्रिपवर काम, महिन्याला ३० हजार सहज सुटतील म्हणतो, वर २५ हजार उचलही देतोय. तिसरी चाकणची कंपनी, ३२ फुटी कंटेनर, पगार १६ हजार आणि भत्ता वेगळा, पण पहिले तीन महिने दुसरा ड्रायव्हर म्हणून बसायचं. घरचे म्हणतात ट्रेलर धर. काय करू?"

तिन्ही ठिकाणचा आकडा तू व्यवस्थित लिहिलास. तो आकडा कसा मिळणार, हे मात्र नुसतं जाता जाता लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करतो.

आधी माझं सांगतो. १९९६ ला क्लीनर म्हणून चढलो, तीन वर्षांनी स्टिअरिंग हातात आलं, पुढे सोळा-सतरा वर्षं लाइनवर होतो. आता एका ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या आणि ड्रायव्हर दोन्ही बघतो, नवीन पोरांची टेस्ट मीच घेतो. म्हणजे या धंद्याच्या दोन्ही खिडक्यांत बसलोय.

माझा पहिला मालक कांद्याच्या गाड्या चालवायचा. पिंपळगावहून भरायची, रात्री कसारा उतरायचा, पहाटे वाशीत खाली. पगार नव्हताच, ट्रिपचे पैसे. डिझेल उक्तं. म्हणजे एका ट्रिपचे ठरलेले पैसे हातात द्यायचा, वाचलं ते माझं, जास्त लागलं तर माझ्या खिशातून. बाजार उघडायच्या आत पोचलं तर वर शंभर-दोनशे. या हिशोबात एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं काय शिकणार? इगतपुरी सोडली की गाडी न्यूट्रल. उतारावर डिझेल वाचतं, वेळही वाचतो. उस्ताद लोक बजावायचे की ज्या गिअरात घाट चढतोस त्याच गिअरात उतर. पण उस्तादाचं ऐकलं तर खिसा रिकामा. दोन वर्षं काहीच झालं नाही, त्यामुळे मला वाटायला लागलं की मी फार हुशार आहे. मग एका जानेवारीच्या रात्री अर्ध्या घाटात ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला आणि ब्रेक दाबला तरी गाडी थांबेना. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार नसतो, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापले की लायनर धरत नाही. डोंगराच्या अंगाला गाडी घासत नेऊन थांबवली. माझ्या क्लीनरचा पाय मोडला. मालकाने गाडीचा खर्च सहा महिने माझ्या ट्रिपमधून कापला, क्लीनरच्या औषधपाण्याचं नावही काढलं नाही.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. त्यानंतर मी कधी न्यूट्रलमध्ये घाट उतरलो नाही. तरी आज, पंचवीस वर्षांनी, स्वतःची कार घेऊन उताराला लागलो की डावा हात आपोआप गिअरकडे जातो. मी तो मागे घेतो, पण जातो. पहिल्या मालकाच्या गाडीवर जो हात बसतो तो असा बसतो. शाळेत तू मैदानात आठ काढायला, क्लच सोडायला, रिव्हर्स घ्यायला शिकलास. भरलेली गाडी, पावसातला घाट, रात्री तीनची झोप, लोडिंग पॉइंटवरची दादागिरी, यातलं काहीही शाळेत नव्हतं. ते तुला पहिली कंपनी शिकवणार, आणि ती तोंडाने शिकवत नाही, पैसे देण्याच्या रीतीने शिकवते.

म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हा विचार: पैसे कशाचे मिळणार? ट्रिपचे मिळणार असतील तर तुला झोप नकोशी होईल, कारण झोपलास की ट्रिप गेली. किलोमीटरचे मिळणार असतील तर यार्डात दोन दिवस उभं राहिलास ते फुकट. विचार, हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी उभी राहिली त्या दिवसांचे, ड्रायव्हरला काय? माल पाठवणाऱ्या पार्टीकडून त्याच उभ्या दिवसांचं डिटेन्शन घेणारे पण ड्रायव्हरला चहासुद्धा न पाजणारे मालक मी पाहिलेत. उक्तं असेल तर तू न्यूट्रल मारशील, टोल चुकवायला आडवाटेने जाशील आणि एसी असला तरी बंद ठेवशील. महिना पगार आणि रोजचा भत्ता असेल तर एवढंच की कोणी तुला पळवत नाही. तो कमी दिसतो. पहिल्या वर्षी तोच हवा.

ॲव्हरेजचं खास विचारून घे. बहुतेक ठिकाणी गाडीला ॲव्हरेज ठरवून देतात आणि त्यापेक्षा जास्त डिझेल लागलं तर पगारातून कापतात. ॲव्हरेज ठरवणं चूक नाही, डिझेलचोरी होते हेही खरं. पण भरलेल्या गाडीला एक आणि रिकाम्या गाडीला वेगळं ॲव्हरेज धरतात का, घाटाच्या रूटला सूट देतात का, नवीन ड्रायव्हरला पहिले काही महिने कपात माफ आहे का, हे विचार. सपाटीच्या सोलापूर रोडचं आणि कोकणात उतरणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज एकच लावणारा माणूस कधी केबिनमध्ये बसलेला नाही, एवढं त्यातून कळतं.

आता तुझी तीन ठिकाणं.

ट्रेलर आत्ता नको. ३० हजार खोटे आहेत असं मी म्हणत नाही, ज्याचा हात बसलाय तो कमावतोही. पण चाळीस फुटी ट्रेलर म्हणजे घोडा, पुढचं इंजिन-केबिन, वेगळा आणि मागचा डबा वेगळा. रिव्हर्सला स्टिअरिंग उलटं चालतं, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर घोडा एकीकडे राहतो आणि ट्रेलर मागून येऊन त्यालाच ढकलतो. वळणाला मागचे टायर किती आत कापत येतात याचा अंदाज यायलाच काही महिने जातात, आणि तो अंदाज येईपर्यंत शेजारी कोणीतरी बसलेलं लागतं. तुझ्या लिहिण्यावरून हा ट्रेलरवाला पहिल्या दिवसापासून एकट्याला सोडणार असं दिसतं. बंदराचं काम म्हणजे रांग: एम्टी यार्डची, म्हणजे रिकाम्या कंटेनरच्या यार्डची रांग, गेटची रांग, कागदाची रांग. ट्रिपवर काम असलेला माणूस रांगेत गेलेला दिवस रात्री रस्त्यावर भरून काढतो. ट्रेलरवर कंटेनर चढवला की त्याची चारही लॉक बसली की नाही ते स्वतः उतरून बघायचं असतं. घाईतला माणूस तीन बघतो.

आणि ती २५ हजारांची उचल. आपल्याकडे ऊसतोडीला उचल काय करते ते श्रीगोंद्याच्या माणसाला मी सांगायला नको. तशीच ही. उचल घेतलीस की गाडीचे टायर गुळगुळीत असले तरी चालवावी लागते, जास्त माल भरला तरी न्यावा लागतो, कारण सोडून जायचं तर आधी पैसे टाक. नवीन पोराला न मागता उचल देणारा मालक दिलदार असेलही, पण माझा अनुभव असा की ज्याच्याकडे ड्रायव्हर टिकत नाहीत तोच आधी पैसे पुढे करतो. बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन असलं काही असेल तर घरच्यांकडून घे, पतसंस्थेतून घे, मालकाकडून नको. मूळ लायसन्स त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं नाही. झेरॉक्स दे, मूळ खिशात. कोरा चेक किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही मागितली तर चहा प्यायचा आणि उठायचं.

हायवाचं सांगतो. रोज घरी, हा मोह मोठा आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण डम्परवर तू वीस किलोमीटरच्या वर्तुळात फिरत राहशील. माल ओतायला हायड्रॉलिकने डबा उचलताना जमीन सपाट आहे का, वर विजेची तार आहे का, हे शिकशील, ते चांगलंच. लांबच्या रूटचं, कागदपत्रांचं, ताडपत्री-दोराचं मात्र काही नाही. त्यापेक्षा मला भीती दुसरीच आहे. आज खडी-मुरूम आहे, उद्या मालक रात्री म्हणेल दोन खेपा वाळूच्या मार. वाळूची गाडी महसूलवाल्यांनी किंवा पोलिसांनी धरली की गाडी तहसीलच्या आवारात उभी राहते आणि गुन्ह्यात ड्रायव्हरचं नाव येतं, तेही चोरीच्या कलमाखाली. मालक दंड भरून गाडी सोडवेल. तुझ्या नावावरचा गुन्हा कोण सोडवणार? चाकणसारख्या ठिकाणच्या कंपन्या आता पोलीस व्हेरिफिकेशन मागतात, तिथे हेच आडवं येतं. त्या मालकाचा वाळूशी संबंध नाही अशी तुझी स्वतःची खात्री असेल, गावात राहतोस म्हणजे तुला माहीत असणारच, तर सहा महिने हात साफ करायला हरकत नाही. खात्री नसेल तर २० काय, ४० हजारांनाही नाही.

ओव्हरलोडचा मुद्दा इथेच उरकतो, कारण तो डम्परवाल्यांचा रोजचा आहे. दहा चाकी गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, २८ टनांच्या आसपास पास असतं, बारा चाकीचं ३५. नेमका आकडा आरसीवर असतो, तो पाठ हवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. वजन करायला गाडी थांबवली नाही तर ४० हजार. "दंड मालक भरतो, तुला काय?" असं तुला ऐकवतील. तुला हे, की पाच टन जास्त भरलेली गाडी घाटात थांबत नाही, आणि तेव्हा मालक घरी झोपलेला असतो.

राहिली चाकणची कंपनी. मी तिथेच जा म्हणेन, पण डोळे झाकून नाही. "तीन महिने दुसरा ड्रायव्हर" हे ऐकायला छान. त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे खरंच शिकवणारा उस्ताद शेजारी, जो दिवसा सपाटीला तुला देतो, घाटात स्वतः घेतो, महिन्याभराने घाट तुला देऊन स्वतः जागा राहतो. दुसरा म्हणजे एक थकलेला माणूस, ज्याला झोपायला बदली हवा आहे. तो दुसऱ्याच रात्री स्टिअरिंग तुझ्या हातात देऊन मागच्या बर्थवर आडवा होईल. कंपनी तीच, पगार तोच. फरक कसा ओळखायचा? विचार, की उस्तादाला शिकवायचे काही वेगळे पैसे मिळतात का, आणि तीन महिन्यांनंतर तू एकटा चालवू शकतोस हे ठरवणार कोण. "आम्ही टेस्ट घेतो" किंवा "उस्तादाने सही केल्याशिवाय गाडी देत नाही" असं उत्तर आलं तर चांगलं. "अरे होतं सगळं" असं आलं तर कोणीच ठरवत नाही.

नवीन पोराला ३२ फुटी कंटेनर चांगला, हे मी गाड्या पाहून सांगतो. बंद बॉडी, ताडपत्रीची कटकट नाही, माल बहुतेक पार्ट आणि पेट्यांचा, त्यामुळे वजन आवाक्यात. मागे सिंगल ॲक्सल आहे की मल्टी, म्हणजे एकाहून जास्त, ते विचार. सिंगलमध्ये सात टनांच्या आसपास माल, मल्टीमध्ये त्याच्या दुप्पट. पहिले काही महिने सिंगल मिळाली तर उत्तम. एकच सांभाळ, या गाड्या उंच असतात. जुने रेल्वेपूल, गावातल्या कमानी, झाडाच्या फांद्या, पेट्रोलपंपाचं छत. नवीन पोरं मागे बघायला शिकतात, वर बघायला विसरतात. पंपाचं छत मीही एकदा ओरबाडलंय.

मोठी कंपनी म्हणजे चांगली असंही समजू नकोस. दहा गाड्यांचे मालक, जे स्वतः कधीकाळी ड्रायव्हर होते, त्यांच्याकडे मी पोरं घडताना पाहिलीत. रात्री दोनला गाडी बंद पडली तर असा मालक स्वतः फोन उचलतो. मोठ्या कंपनीत कंट्रोल रूम उचलते आणि तिकीट नंबर देते. पण मोठ्या ठिकाणी पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगाराचा सरकारी आरोग्य विमा, असतं, आणि त्याची किंमत तेविसाव्या वर्षी कळत नाही. वीस किंवा जास्त माणसं असतील तिथे पीएफ, दहा असतील तिथे ईएसआयसी, असा साधारण नियम. महिन्याभरात पीएफचा यूएएन नंबर मिळाला का ते बघ. "कापतो" म्हणणारे बरेच, भरणारे त्याहून कमी. कामावर असताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची, मग गाडी एक असो की शंभर. गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेत का, एवढं बघायला मागायला लाजू नकोस. त्याला वर्षाला अगदी किरकोळ प्रीमियम लागतो, तरी काही जण तोही वाचवतात. माझ्या क्लीनरच्या पायाच्या वेळी हे मला माहीत नव्हतं.

इंटरव्ह्यूला ऑफिसात जाण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्या पार्किंगला जा. ऑफिसात तुला एसी आणि बिसलेरी दिसेल, खरी कंपनी पार्किंगमध्ये असते. पुढच्या दोन टायरांवर हात फिरव. पुढे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर घातलेले दिसले तर तिथूनच परत फिर. मागे चालतात, पुढे फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. दरवाज्याच्या काचा चढतात का, वायपर आहेत का, मागचे दिवे लागतात का. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी बंधनकारक झालाय, पण तुला जी गाडी मिळेल ती बहुतेक त्याआधीची असणार, म्हणून निदान पंखा आणि झोपायची जागा बघ. गाडीचा नंबर घे आणि एमपरिवहन ॲपवर टाक. इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी कधी संपतंय ते दोन मिनिटांत कळतं. इन्शुरन्स नसलेली गाडी चालवणाराही गुन्हेगार ठरतो, नुसता मालक नाही. ई-चलानही बघ. एकेका गाडीवर वेगाची वीस-पंचवीस चलानं दिसली तर एकतर ड्रायव्हर बेफाम आहेत किंवा कंपनी पळवते. ती चलानं कोणाच्या पगारातून जातात, हेही विचारून ठेव.

मग टपरीवर बस. ड्रायव्हर लोक नवीन पोराशी खोटं बोलत नाहीत, फार तर बढाया मारतात. तीन गोष्टी काढून घे: पगार कितव्या तारखेला होतो, पोच पावती हरवली किंवा मालात तूट आली तर किती कापतात, आणि याआधीचा पोरगा का सोडून गेला. बाजार समितीच्या मालाला वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, कोण भरतं हेही विचार. ड्रायव्हरने भरायची आणि पावती आणली तर परत मिळणार, असं असेल तर पावती मिळत नाही हे मी लिहून देतो.

कामाच्या तासांचंही विचार, पण अपेक्षा माफक ठेव. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती हे १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यापासून कागदावर आहे. लाइनवर ते कोणी पाळताना मी पाहिलं नाही. तरी दोन कंपन्यांत फरक असतो. "झोप आली, दोन तास उभा राहतो" असा फोन केल्यावर शिव्या पडतात की "ठीक, निघालास की सांग" म्हणतात? हाच प्रश्न टपरीवर विचार. माझ्या मते या एका उत्तरावर कंपनी निवडता येते, बाकी सगळं त्याच्या मागून.

घरच्यांना काय सांगायचं हे तुझं तू बघ, पण एक हिशोब त्यांच्यासमोर मांड. १६ हजार आणि भत्ता, जेवणाचा खर्च भत्त्यात निघतो, म्हणजे पगार जवळपास अख्खा घरी. ट्रिपच्या ३० हजारांतून जेवण, वाराई, कापलेलं डिझेल, उचलीचा हप्ता वजा कर. अंतर फार राहत नाही. एक वर्ष कंटेनरवर काढ, मग ट्रेलरला उस्ताद म्हणून नाही, शिकाऊ म्हणूनच बस. टँकरकडे जायचं असेल, मनमाडजवळ पानेवाडीला किंवा पुण्याजवळ लोणी काळभोरला पेट्रोल-डिझेलचं काम बरं असतं, तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून लायसन्सवर नोंद घ्यावी लागते. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आणि कंपनी दर चार महिन्यांनी बदलू नकोस. आम्ही टेस्ट घेताना आधी विचारतो, मागच्या ठिकाणी किती दिवस होतास.

चाकणला टेस्टला बोलावतील तेव्हा चप्पल घालून जाऊ नकोस, बूट घाल. गाडीची चावी दिली की लगेच वर चढू नकोस. एक फेरी मार, टायर बघ, नट बघ, खाली तेल-पाणी गळतंय का बघ, मग चढ. इंजिन चालू केल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांब, त्याआधी गाडी हलवू नकोस. परीक्षक बाजूला उभा राहून फोनवर बोलत असेल. मीही तसाच उभा असतो, आणि पोरगं गाडीभोवती फिरलं की नाही एवढंच बघत असतो. चालवणं नंतर बघतो.